गोल्डन, अ‍ॅमहर्स्ट, सिल्व्हर फेझंट: कुठलं पीस कुठल्या फ्लायला? आणि तुरा सारखा आडवा का पडतो?

पाणलाट

गळावर पिसं बांधून माशांना भुलवणारी नकली माशी, म्हणजे फ्लाय, करताना रिंगनेक फेझंटच्या (कोंबडीच्या कुळातला लांब शेपटाचा पक्षी) शेपटावर हात बसलाय, पण आता जे समोर आलंय ते वेगळं आहे. गोल्डन फेझंट नराची तुऱ्यापासून शेपटापर्यंत अख्खी कातडी, लेडी अ‍ॅमहर्स्टची मधली दोन शेपटं, सिल्व्हर फेझंटच्या पाठीचा तुकडा आणि रीव्हजचं एक लांबलचक शेपूट. सगळी पाळीव पक्ष्यांची, कागदपत्रांसकट.

अडचणी अशा. सॅमन माशासाठीच्या फ्लायवर, गळ १/० आणि २/० (हे मोठे गळ; साध्या नंबरात आकडा जितका मोठा तितका गळ लहान), पंखावरून तुऱ्याचं पीस बांधलं की शेवटच्या वेढ्याला ते एका बाजूला कलंडतं. काही तुरे मुळातच पिळलेले आहेत. टिपेटची, म्हणजे गोल्डनच्या मानेच्या नारिंगी पिसाची, शेपटी बांधताना, १२ नंबरच्या गळावर, काळे पट्टे एका रेषेत राहत नाहीत. अ‍ॅमहर्स्टचे तंतू बांधताना तुटतात, आणि जे टिकतात ते पाण्यात एकमेकांना चिकटून शेवयांसारखे लोंबतात. अ‍ॅमहर्स्ट नारिंगी रंगवायचा प्रयत्न केला तर ठिपक्याठिपक्यांनी रंग बसला.

शिवाय, फेझंट टेल निम्फला (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल करणारी फ्लाय) गोल्डनचं किंवा रीव्हजचं शेपूट चालेल का? आणि मोनाल, आर्गस या फेझंटची पिसं विकायला दिसतात, ती घ्यावीत का?

दुहेरी_गाठ

तुऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यामानानं सोपं आहे.

तुरा आडवा पडतो तो तुमच्या हातामुळे नाही, काडीमुळे. तुऱ्याच्या पिसाची काडी बुडाशी गोलसर असते. गोल काडी गोल बुडख्यावर ठेवून दोरा ओढला तर ती दोऱ्याच्या दिशेनं लोळणारच. उपाय एकच, काडी चपटी करा. बुडाची लव आणि आखूड तंतू काढून टाका, पीस पंखावर धरून नेमकं कुठे बांधायचं ते ठरवा, आणि तेवढीच ३-४ मिमी काडी बिनदातांच्या चपट्या पकडीत दाबा. पकड नसेल तर अंगठ्याच्या नखानं कडक पाटीवर दाबलं तरी जमतं. दाबण्याची दिशा महत्त्वाची: पीस जसं पंखावर बसणार आहे, तसं वरून खाली दाबायचं. बाजूनं दाबलं तर चपटी बाजू उभी राहते आणि आधीपेक्षा जास्त लोळते.

दाबल्यावर त्याच जागी काडीला हलकी घडी द्या, म्हणजे बांधलेला भाग डोक्यावर सपाट बसेल आणि पुढचं पीस पंखाच्या वरच्या कडेवरून कमानीसारखं उतरेल. घडी नसेल तर दोरा आवळल्याबरोबर अख्खा तुरा पंखापासून वर उचलला जातो. तो मग दाबून खाली बसवायचा मोह होतो. तसं बसवलेलं पीस दोन दिवसांत परत उठतं.

बांधताना बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं हत्यार) उलट फिरवून दोऱ्याचा पीळ काढा. पिळाचा दोरा सुरीसारखा काडीवर चढतो, चपटा दोरा पट्टीसारखा बसतो. पहिले दोन वेढे सैल, मग सरळ खाली ओढून आवळायचे, बाजूला ओढून नाही. डोक्याखाली बाकीच्या पिसांची बुडं कापलेली असतात. ती पायरीसारखी राहिली असतील तर आधी दोऱ्यानं उतार करून घ्या. पायरीवर कुठलाच तुरा सरळ बसत नाही.

पिळलेल्या तुऱ्यांसाठी: कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, त्यात १०-१५ मिनिटं भिजवा, स्वच्छ पाण्यात खळबळा, आणि ओला तुरा काचेच्या पेल्याच्या बाहेरच्या बाजूला हव्या त्या वळणात चिकटवा. पाण्यामुळे तो आपोआप चिकटतो. बोटानं तंतू काडीच्या दिशेनं सारखे करा आणि रात्रभर सोडा. वाळला की तेच वळण धरतो. मोठ्या फ्लायला रुंद बरणी, लहान गळाला अरुंद पेला. घाईनं हेअर ड्रायरनं वाळवू नका, तंतूंचे शेंडे फिस्कारतात.

पिसांची निवडही आधी करून ठेवा. डोक्याच्या पुढच्या भागातले तुरे आखूड, मागचे लांब. शेपटीसाठी घेतलेला तुरा वर वळतो, पंखावरचा खाली, आणि दोघांची टोकं जवळजवळ एकमेकांना भेटायला हवीत. म्हणून शेपटीचा तुरा बांधतानाच पंखावरचा बाजूला काढून ठेवायचा. शेवटी शोधायला गेलं की हव्या त्या लांबीचा कधीच सापडत नाही.

कोरडी_माशी

टिपेटच्या पट्ट्यांबद्दल. गोल्डनच्या मानेभोवतीच्या झालरीचं हे नारिंगी पीस. प्रत्येक तंतूवर टोकाशी एक काळा पट्टा आणि त्याच्या आत थोड्या अंतरावर दुसरा. पिसावर हे पट्टे कमानीत दिसतात, कारण तंतू काडीला तिरके लागलेले असतात. तसेच कापले तर प्रत्येक तंतूचा पट्टा वेगळ्या उंचीवर येतो. तुमचं नेमकं हेच होत असणार.

आधी हवे तेवढे तंतू काडीपासून काटकोनात ओढून धरा. ते काटकोनात आले की टोकं आपोआप एका रेषेत येतात आणि पट्टेही. मग टोकं चिमटीत घट्ट धरून, न सोडता, काडीजवळ कापा. १२ नंबरच्या गळाला ८ ते १० तंतू पुरतात, १६ ला ५-६. बुडाकडचे तंतू नकोत, त्यांच्यावर पट्टे अस्पष्ट असतात आणि लव जास्त असते.

बांधताना दोरा तुमच्याकडून पलीकडे ओढतो, त्यामुळे जुडगा पलीकडच्या बाजूला सरकतो. म्हणून तो थोडा तुमच्या बाजूला झुकवून धरा, चिमटीत एक सैल वेढा, मग आवळा. आवळल्यावर तो मधोमध येतो. रॉयल कोचमनसारख्या कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लायला आतला पट्टा अंगाच्या शेवटाला नेमका दिसला पाहिजे. तो अंगाखाली लपला तर शेपटी आखूड दिसते, फार बाहेर आला तर मधला नारिंगी भाग उघडा पडतो आणि शेपटी तुटक दिसते.

अख्खं टिपेट पंख म्हणून वापरायचं तर डरहॅम रेंजर ही सॅमन फ्लाय बांधून बघा. तिथे टिपेटच्या जोड्या एकावर एक बसतात आणि बाहेरच्या जोडीचं टोक आतल्या जोडीच्या काळ्या पट्ट्यापर्यंत येतं. चारही पिसांच्या काड्यांची जाडी सारखी नसेल तर पंख वाकडा होतो, म्हणून दोन डाव्या, दोन उजव्या बाजूची, शक्यतो कातडीवर समोरासमोर वाढलेली पिसं घ्या. तुमच्याकडे अख्खी कातडी आहे, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. सुट्या पिसांच्या पाकिटात अशा जोड्या जुळवताना डोळे दुखतात.

फिरकी_बॉबिन

अ‍ॅमहर्स्टच्या शेपटाबद्दल मी लिहितो, पण आधी एक गोष्ट तपासा: पक्षी शुद्ध आहे का? पाळलेल्या पक्ष्यांत गोल्डन आणि अ‍ॅमहर्स्टचे संकर बरेच असतात. शुद्ध अ‍ॅमहर्स्टची मानेची झालर पांढरी शुभ्र, कडेला काळी-निळी. संकरात त्यात पिवळट झाक येते आणि शेपटाचा पांढरा रंगही मळकट दिसतो. बांधायला संकरही चालतो. रंगवायला मात्र नाही, कारण खालची पिवळट छटा वरच्या रंगात मिसळते.

तंतू तुटण्याचं कारण सहसा कोरडेपणा. जुनं शेपूट असेल तर किटलीच्या वाफेवर २०-३० सेकंद धरा, हात भाजणार नाही अशा अंतरावर. मुडपलेलं शेपूटही यानं सरळ होतं. मग तंतू काडीपासून ओढून काढू नका, कात्रीनं कापा. ओढल्यावर बुडाशी तडा जातो आणि तो दोरा आवळताना दिसतो. अगदी पहिल्या वेढ्यालाच पूर्ण ताण देऊ नका.

पाण्यात लोंबण्याचं कारण वेगळं. तंतू लांब आणि मऊ आहेत, प्रवाह त्यांना गळाच्या दांड्याला चिकटवतो. त्यांना मागून टेकू लागतो. त्याचा क्रम असा:

दांड्यावर जिथे तंतू हवेत तिथे आधी खरखरीत डबिंगचा (दोऱ्यावर पिळायच्या केसाळ तंतूंचा) घट्ट गोळा करा, साधारण मटारच्या अर्ध्या आकाराचा. गोळ्याच्या पुढे, अगदी लागून, अ‍ॅमहर्स्टचे तंतू मागे टोकं करून बांधा. एकदम जुडगा नको. दोन-दोन, तीन-तीन करून दांड्याभोवती फिरत जायचं, एकूण ८ ते १२. लांबी दांड्याच्या दीडपट. आवळताना तंतू गोळ्यावर टेकून बाहेर फुलतात. पुढे एखादं मऊ हॅकल (दांड्याभोवती गुंडाळायचं पीस) दोन वेढे द्या, म्हणजे गोळाही झाकला जातो. गोळा मऊ लोकरीचा केला तर पहिल्याच ओल्या फेकीत बसतो आणि तंतू परत पडतात. म्हणून खरखरीत.

ट्यूब फ्लाय (नळीवर बांधलेली फ्लाय) आणि स्टीलहेड माशाच्या मोठ्या फ्लायना हे शेपूट अप्रतिम, कारण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे प्रत्येक तंतू पाण्यात हललेला दिसतो. १२-१४ तंतूंपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. गर्दी केली की पट्टे दिसेनासे होतात आणि मग साधे केस बांधले असते तरी चाललं असतं.

रंगाची_वाटी

ठिपक्यांनी रंग बसण्याची दोन कारणं: पिसावरचं तेल, किंवा व्हिनेगर फार लवकर घातलं. बहुतेक वेळा दोन्ही.

१० ग्रॅम पिसांसाठी प्रमाण देते. आधी भांडी घासायच्या पातळ साबणात, कोमट पाण्यात, अर्धा तास. मग नीट धुवायचं. पाणी पिसावरून मोत्यासारखं ओघळत असेल तर तेल अजून आहे, परत धुवा. रंग: लोकरीसाठी मिळतो तो अ‍ॅसिड डाय, पिसांच्या वजनाच्या १ टक्का, म्हणजे ०.१ ग्रॅम. भडक नारिंगी हवा असेल तर २ टक्के. तो आधी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. गुठळी राहिली तर ठिपका नक्की.

एक लिटर पाणी, रंग, आणि ओली पिसं घालून हळूहळू ६५ ते ७५ अंशांपर्यंत तापवा. दहा मिनिटं नुसतं हलवत राहा. या वेळात रंग सगळीकडे पोचतो. मग पिसं बाजूला सारून ३० ते ५० मिली साधं पांढरं व्हिनेगर घाला आणि आणखी २० मिनिटं. पाणी जवळजवळ नितळ झालं म्हणजे रंग पिसात गेला. पिसं केराटिनची असतात, आम्लाशिवाय हा रंग त्यांना धरत नाही. पण आम्ल आधीच असेल तर पहिल्या मिनिटातच जिथे रंग लागेल तिथे तो चिकटतो. ठिपके त्याचेच.

उकळू देऊ नका. उकळीत काडी ठिसूळ होते आणि तंतूंची टोकं कुरळी होतात, ती परत सरळ होत नाहीत. ओलं पीस वाळल्यावर दोन छटा फिकं दिसतं, म्हणून बाहेर काढताना हवा त्यापेक्षा गडद असू द्या. वाळवताना वर्तमानपत्रात टिपा, मग पातळ कापडाच्या पिशवीत घालून हेअर ड्रायरची मंद हवा द्या. पिशवीत पिसं उडत राहतात आणि तंतू सुटे होतात. दुहेरी_गाठ यांनी ड्रायर नको म्हटलंय ते तुऱ्याच्या वळणापुरतं. शेपटाला काही होत नाही.

अ‍ॅमहर्स्ट रंगवायला सगळ्यात चांगलं, कारण पांढरं तेवढं रंगतं आणि काळे पट्टे तसेच राहतात. सिल्व्हर फेझंटही तसंच. गोल्डनच्या तुऱ्याचा पाया पिवळा आहे, त्यामुळे निळ्यात घातला तर हिरवा मिळतो. नारिंगी आणि लाल छान येतात. छातीची लाल पिसं रंगवायच्या भानगडीत पडू नका, त्यातून काळ्याशिवाय काही निघत नाही.

दुहेरी_गाठ

सिल्व्हर फेझंटवर कोणी लिहिलं नाही. पांढऱ्या पिसावर बारीक काळ्या रेघा, हे स्ट्रीमरचा (लहान माशाची नक्कल करणाऱ्या लांब फ्लायचा) खांदा म्हणून वापरायचं. ग्रे गोस्टमध्ये ते तसंच येतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात, अप्पर डॅमला राहणाऱ्या कॅरी स्टीव्हन्स यांचा तो स्ट्रीमर. त्यात गोल्डनचा तुराही आहे, म्हणजे तुमच्या दोन कातड्या एकाच फ्लायमध्ये वापरता येतील.

इथे करायची युक्ती त्यांचीच: पंख गळावर एकेक पीस करून बांधत बसायचं नाही. टेबलावर आधी एक बाजू पूर्ण जुळवायची. करड्या सॅडल हॅकलची (कोंबड्याच्या पाठीच्या लांब पिसांची) जोडी, त्यावर सिल्व्हरचं पीस, त्यावर गालाचं पीस. प्रत्येकाच्या काडीवर फक्त बुडाकडच्या ४-५ मिमी भागात हेड सिमेंटचा (फ्लायच्या डोक्याला लावायच्या लाखेचा) लहान थेंब, आणि चिकटवून १० मिनिटं वाळू द्यायचं. दुसरी बाजू आरशातल्यासारखी. मग दोन्ही बाजू गळाच्या डोक्याजवळ एकेक करून बांधायच्या. सिमेंट जास्त झालं तर ते तंतूंमधून वर चढतं आणि खांद्यावर डाग पडतो. सिल्व्हरच्या पांढऱ्यावर तो लपत नाही.

खांद्याची लांबी हॅकलच्या साधारण एक तृतीयांश. सिल्व्हरची काडी जाड आहे, तीही तुऱ्यासारखी चपटी करा, नाहीतर खांदा पंखापासून कानासारखा बाहेर उभा राहतो.

गालाला जंगल कॉक म्हणजे राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस लागतं. छापील पर्याय चांगले मिळतात, ते वापरा.

कोरडी_माशी

निम्फचा प्रश्न राहिला.

फ्रँक सॉयर यांच्या मूळ फेझंट टेल निम्फमध्ये दोराच नाही. फक्त बारीक तांब्याची तार आणि रिंगनेक नराच्या शेपटाचे तंतू. तार वजन देते, तंतू धरून ठेवते आणि तंतूंमधून चमकतेही. तंतू तारेभोवती पिळून एकत्र गुंडाळले की माशाच्या दातांनी एखादा तुटला तरी सगळं अंग सुटत नाही. ही फ्लाय टिकते ती या पिळामुळे, आणि लोक नेमका तोच गाळतात.

तार ०.१ मिमीच्या आसपास. १६ नंबरला ३-४ तंतू, १२ ला ५-६. टोकांची शेपटी ठेवायची, तारेनं दोन वेढे, मग तंतू तारेभोवती पिळून गळाच्या डोळ्याच्या (दोरी ओवायच्या छिद्राच्या) दिशेला न्यायचे, छातीवर तारेचा गोळा आधीच केलेला असतो, त्यावरून तंतू पुढे-मागे दुमडून पाठ करायची. दोऱ्यानं बांधत असाल तर तंतू एका दिशेनं आणि तार उलट दिशेनं गुंडाळा. त्याच दिशेनं गेली तर तार तंतूंच्या मधल्या खाचेत बुडते आणि काहीच धरत नाही.

गोल्डनचं शेपूट: चालतं, पण रंग वेगळा येतो. त्यावर तपकिरीवर फिकट ठिपके असल्यानं अंग ठिपकेदार दिसतं, रिंगनेकचा तांबूस रंग मिळत नाही. मोठ्या निम्फना, कोळंबीच्या नकलांना जास्त शोभतं. रीव्हजचं शेपूट लांब आणि रुंद पट्ट्यांचं आहे. त्याचे तंतू लहान गळावर गुंडाळले तर पट्टे तुटून नुसते ठिपके दिसतात. ८ किंवा १० नंबरला, निम्फच्या पाठीवरच्या पंखांच्या आवरणासाठी किंवा पायांसाठी ठेवा. १६ नंबरवर त्याची उधळपट्टी करण्यात अर्थ नाही.

कुठल्याही शेपटाची चाचणी सोपी: दोन तंतू बोटांत घेऊन सहा पीळ द्या. पीळ धरला तर वापरा. सुटे होऊन उलगडले किंवा मध्येच तुटले तर ते शेपूट जुनं आहे, आधी वाफ द्या.

पाणलाट

एवढं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, आभार. दोन गोष्टी राहिल्या. गोल्डनच्या कातडीवर छातीची लाल पिसं आणि पाठीची हिरवी पिसं भरपूर आहेत, ती कशाला? आणि हॅकल म्हणून, स्पे फ्लायसारखं (ही एक जुनी स्कॉटिश सॅमन फ्लाय) लांब तंतूंचं, यातलं काही चालेल का? कातडीच्या आतल्या बाजूला थोडी चरबीही दिसते.

फिरकी_बॉबिन

लाल पिसं: जनरल प्रॅक्टिशनर. १९५३ ची एस्मंड ड्रुरी यांची कोळंबी-फ्लाय, आणि जवळजवळ अख्खी गोल्डन फेझंटवर उभी आहे. छातीची लाल पिसं शेपटी आणि पाठीला, आणि एका टिपेटच्या पिसाला मधून व्ही आकाराची खाच कापून तिचे दोन डोळे. खाच कापल्यावर टिपेटच्या काडीच्या दोन्ही बाजूंना पट्टेदार दोन टोकं उरतात, तेच डोळे. कापलेल्या जागी पातळ लाखेचा थेंब द्या, नाहीतर तंतू पसरून डोळे गायब होतात.

लाल पिसं कोळंबीच्या पाठीवर सपाट बसायला हवीत. तुऱ्यासारखंच, काडी चपटी करा. बांधताना लव जरासुद्धा ठेवू नका, ती पाणी पिते आणि पाठ फुगते.

पाठीची हिरवी, काळ्या कडेची पिसं खवल्यासारखी, धातूसारखी चमकतात. बीटलच्या पाठीला किंवा लहान फ्लायच्या खांद्याला. एक पीस पुरतं.

स्पे हॅकलला तुमच्याकडचं काहीच योग्य नाही. त्यासाठी ब्लू-इअर्ड फेझंटच्या पाठीमागची पिसं लागतात, राखी, लांब, बारीक तंतूंची. फ्लायच्या जुन्या कृतींत बगळ्याची म्हणजे हेरॉनची पिसं असायची, तिथे आता हीच वापरतात. रिंगनेकच्या पाठीची पिसं काळी रंगवूनही काम भागतं, फक्त तंतू आखूड, म्हणून ४ नंबरपर्यंतच.

गुंडाळायची रीत: बुडाची लव काढा. टोकाकडून बांधायचं, बुडाकडून नाही, म्हणजे मागे आखूड आणि पुढे लांब तंतू येतात. टोकाची काडी केसासारखी असते, इथेच ती तुटते. पीस ५ मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टोकाचे तंतू ३ मिमी ठेवून बाकी कापा, म्हणजे खुंट दोऱ्यात अडकतात आणि निसटत नाही. टिन्सेलच्या (फ्लायच्या अंगावरच्या चमकत्या पट्टीच्या) दुसऱ्या वेढ्याला बांधा. एका बाजूचे तंतू सोलून टाका, दुसरी बाजू ओल्या बोटांनी मागे सारत प्रत्येक टिन्सेलच्या मागून ४-५ वेढे. शेवटी बारीक गोल टिन्सेल उलट दिशेनं वरून घ्या, ती काडीला जागोजागी धरते. हॅकल चिमटा रबरी तोंडाचा असेल तर बरं, लोखंडी तोंड काडी कापतं.

रंगाची_वाटी

चरबीबद्दल, हे आजच करा. चरबी राहिली की ती पिवळी पडून पिसांच्या मुळांत उतरते, आणि कसर लागते ती वेगळीच.

बोथट सुरीनं मानेकडून शेपटाकडे खरवडा. उलट दिशेनं खरवडलं तर कातडी फाटते, फेझंटची फार पातळ असते. मग फक्त आतल्या बाजूवर साबणाचं पाणी, टिपून घ्या, आणि बोरॅक्सची पूड दाबून लावा. पुठ्ठ्यावर पिसं खाली करून टाचण्या मारून सावलीत वाळवा, आठवडाभर. उन्हात नाही. गोल्डनचा लाल आणि पिवळा रंग उन्हात उडतो. जिवंत पक्षीसुद्धा उघड्या उन्हात ठेवले तर फिके पडतात, मेलेल्या पिसाचं तर विचारूच नका. कपाटात, अंधारात.

वाळल्यावर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर एक आठवडा. बाहेर काढून पिशवी न उघडता एक दिवस, आणि परत एक आठवडा. पहिल्या गारठ्यात किडे मरतात पण काही अंडी तग धरतात. मधल्या दिवसात ती जागी होतात आणि दुसऱ्या फेरीत संपतात. पिशवी लगेच उघडली तर दमट हवा गार पिसांवर पाणी होऊन बसते, म्हणून एक दिवस थांबायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येक पिसाला हेच, जुन्यांच्या डब्यात टाकण्याआधी. डांबरगोळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवू नका. काही प्लॅस्टिक त्यांच्या वाफेनं मऊ होऊन चिकट होतं, आणि मग पिसं त्याला चिकटतात.

दुहेरी_गाठ

शेवटचा प्रश्न, मोनाल आणि आर्गस. सरळ सांगतो: घेऊ नका.

हिमालयन मोनाल साइटीसच्या, म्हणजे वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये, सगळ्यात कडक यादीत आहे. त्याच यादीत ब्लिथ्स, कॅबट्स आणि वेस्टर्न ट्रॅगोपान, व्हाइट-इअर्ड आणि ब्राउन-इअर्ड, चीअर, एडवर्ड्स, स्विनहोज, एलियट्स, ह्यूम्स, मिकाडो आणि पालावानचा पीकॉक-फेझंट. आर्गस परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे सीमा ओलांडताना परवाना लागतोच. आणि तुमचं रीव्हज: ते २०१९ मध्ये परिशिष्ट २ मध्ये आलं, म्हणून ते शेपूट परदेशातल्या मित्राला पाकिटात घालून पाठवू नका. गोल्डन, लेडी अ‍ॅमहर्स्ट, सिल्व्हर, रिंगनेक आणि ब्लू-इअर्ड या याद्यांत नाहीत.

तरीही दोन फाटे लक्षात ठेवा. यादी परदेशी व्यापारापुरती आहे, देशांतर्गत कायदा अजून कडक असू शकतो. आणि यादीत नसलेल्या पक्ष्याचीही कच्ची पिसं बर्ड फ्लूच्या कारणानं बऱ्याच ठिकाणी अडवली जातात. ‘गळून पडलेलं पीस आहे’ हे उत्तर परिशिष्ट १ ला चालत नाही. पीस कसं मिळालं यानं पक्ष्याची जात बदलत नाही.

विकणारा जातीचं पूर्ण नाव, पैदाशीचा दाखला देत नसेल आणि फक्त ‘दुर्मीळ फेझंट, निळी झळाळी’ एवढंच लिहीत असेल तर पुढे जा. व्हाइट-इअर्डचं पीस राखी रंगवून ब्लू-इअर्ड म्हणून विकलं तर नुसत्या फोटोवरून ओळखणं कठीण आहे. दुर्मीळ पिसांच्या हव्यासापायी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांचे नमुने चोरीला गेले होते, सॅमन फ्लायसाठीच. मोनालच्या झळाळीची हौस असेल तर मोराच्या मानेचं पीस पाळीव पक्ष्याचं, कायदेशीर मिळत असेल तिथे वापरा. नाहीतर गोल्डनच्या पाठीचं हिरवं पीस, जे तुमच्या कातडीवर आधीच आहे.

पाणलाट

पेल्यावर सहा तुरे चिकटवून ठेवलेत. कातडी खरवडून झाली, बोरॅक्स लावला. एक विचारायचं राहिलं: काडी पकडीत दाबताना दोन तुरे चिरले. चिरलेली काडी बांधली तर चालेल?

दुहेरी_गाठ

चीर बांधायच्या ३-४ मिमीच्या आत असेल तर चालेल, दोऱ्याखाली जाते. त्यापुढे गेली असेल तर त्या जागी पीस मोडतं, तो तुरा लहान गळासाठी पुढून कापून वापरा. पुढच्या वेळी काडी दाबण्याआधी बुडाचा तेवढा भाग अर्धं मिनिट जिभेवर किंवा ओल्या फडक्यात धरा. ओली काडी दबते, कोरडी चिरते. रंगवलेल्या तुऱ्याला फडकंच, जीभ नको.